धामणकरांची झोप

सत्त्याण्णव साली बाबांनी हॉलभर गालिचा चिकटवून घेतला,
भिंतीपासून भिंतीपर्यंत, विटकरी रंगाचा,
तेव्हा नेरूळच्या त्या आख्ख्या बिल्डिंगला वाटलं
आम्हाला लॉटरी लागली.
खरं कारण खाली पहिल्या मजल्यावर झोपलेलं होतं.
धामणकर. ठाणे-बेलापूर रोडवरची केमिकल कंपनी, कायमची रात्रपाळी.
आणि वर आम्ही दोघं, मी आणि वैजू,
सोफ्यावरून उड्या मारायच्या वयात.
धामणकर कधी भांडले नाहीत.
एकदा फक्त जिन्यात बाबांना म्हणाले,
"पोरं मोठी होतील हो. मी थांबतो."
बाबांना ते भांडणापेक्षा जास्त लागलं.

पोरं मोठी झाली. वैजू होसूरला गेली.
कंपनीच्या जागी काचेची इमारत आली.
बाबा गेले, त्यालाही पाच वर्षं झाली.
गालिचा मात्र जागचा हलला नाही,
दर जुलैत ओल्या कुत्र्याचा वास देत राहिला.
मग आईच्या खुब्याचं ऑपरेशन, मग वॉकर,
आणि वॉकरचे चारही पाय
खाचरात रुतावेत तसे त्या विटकरी लवेत रुतायला लागले.

तुर्भ्याहून मांगीलाल सुथार आला.
मी म्हटलं, उपटू नका, वरूनच बसवा फळ्या.
धूळ नको, आईला दमा आहे.
(खाली आवाज नको, हे मनातल्या मनात.)
त्यानं अंगठ्यानं गालिचा दाबला,
डॉक्टर पायाची सूज दाबून बघतात तसा,
आणि खड्डा भरून येईपर्यंत वाट पाहिली.
वाद घातला नाही. चार फळ्या एकमेकींत अडकवल्या, गालिच्यावर मांडल्या.
"माताजी, जरा चलके दिखाओ."
आई चढली. फळ्या होडीसारख्या डुलल्या,
सांध्यातून बारीक आवाज आला, कट्.
"हे तर माझ्या खुब्यासारखंच वाजतंय," आई म्हणाली.
"काढा तो."

दोन दिवस उपटणं चाललं.
खाली मूळची लादी, पिवळ्या गोंदाचे वाळलेले ओघळ,
कॅरमची एक काळी सोंगटी, ती तिथं कशी, कोण जाणे,
आणि दाराजवळ, गोंदातच, एका अंगठ्याचा ठसा.
कारागिराचाही असेल.
मांगीलालनं तोही खरवडला. मी काही बोललो नाही.
गुंडाळ्या जिन्यावरून उतरवताना दोन माणसं दमली.
एक तुकडा वॉचमननं मागून घेतला.
पार्किंगमधली कुत्री आता
आमच्याकडे जरा आदरानं बघतात.

मी खाली गेलो, सांगायला की आता आवाज येईल,
चार दिवसांचा नाही, कायमचाच.
धामणकर बनियनवर दारात उभे. घरात टीव्हीसुद्धा बंद.
म्हणाले, "मला कुठे झोप लागते आता!
इतकी वर्षं, वर कोणी राहतंय का, हीच शंका यायची."

फळ्या बसल्या. खाली फोमचा पातळ थर,
भिंतीच्या कडेनं बोटभर फट.
"लकडी को भी साँस लेना पडता है," असं म्हणून
मांगीलालनं फट पट्टीनं झाकली, पैसे मोजून घेतले, गेला.
आई चालायला लागली.
ठक, मग दोन सपाता.
ठक, मग दोन सपाता.

परवा रात्री अडीचला फोन वाजला.
"अरे, ती स्वयंपाकघराकडे निघाली होती," धामणकर म्हणाले.
"सात झाले. आठवा आलाच नाही."
मी धावलो, अंधारात, नव्या फळ्यांवरून घसरत.
आई हॉलच्या मधोमध उभी.
सपाता बाजूला काढून ठेवलेल्या.
रस्त्यावरचा दिवा खिडकीतून आत पडलेला, त्यात तिची पावलं.
"काय झालं?"
"काही नाही. गार लागतंय पायांना. बरं वाटतंय."

फोन हातात सुरूच होता.
मी सांगितलं, उभी आहे.
"हं," धामणकर म्हणाले. पण फोन ठेवला नाही.
मीही नाही.